कोरी वाळू

“नव्याण्णव पूर्णांक सात?” ताईंनी कागद टेबलावर असा आपटला की शेजारचं चष्म्याचं घर उडून खाली पडलं. “नव्याण्णव पूर्णांक सात टक्के सिलिका? अहो, तीन किलोमीटर खोलीवरचा दगड आहे तो! त्यातलं लोखंड कुठे गेलं? कॅल्शियम कुठे गेलं? वर येताना वाटेत उतरलं का?”

यंत्रवाले दारातच उभे होते. रसायनशास्त्रातली मोठी पदवी घेतलेला हा माणूस. संस्थेतलं सर्वांत महागडं यंत्र त्यांच्या ताब्यात होतं. पण ताईंशी बोलताना त्यांचा एक पाय नेहमी दाराबाहेर असायचा.

“बाई, यंत्राने दिलं ते आणलं.”

“यंत्राने विष दिलं तर तेही आणाल?”

“आणि बाई... झिरकॉन पण नाहीत. तीनदा शोधले. एक दाणा नाही.”

आता मात्र ताई उभ्या राहिल्या. यंत्रवाल्यांनी दुसरा पायही बाहेर घेतला.

झिरकॉन म्हणजे दगडात सापडणारे, मिठाच्या कणाहूनही बारीक, काचेसारखे दाणे. दगडाची जन्मतारीख या दाण्यांच्या पोटात असते. ते नाहीत म्हणजे दगडाला वय नाही, आणि वय नाही म्हणजे ताईंची सात वर्षं पाण्यात. सात वर्षं एका माळावर भोक पाडणं चाललं होतं. नळीतून दगडाचे गोल दांडके वर यायचे, त्यांना सगळे कोअर म्हणत. तीन हजार अकरा मीटरवरून शेवटचा कोअर वर आला, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढा, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा. दुसऱ्याच दिवशी पोलादी कांब आत तुटून अडकली आणि भोक कायमचं बंद झालं. त्या खोलीवरचा तेवढाच एक तुकडा हाती लागला. तो उभा चिरला. अर्धा ताईंकडे आला, अर्धा भांडारात कुलपात गेला.

ताई तीस वर्षं सांगत आल्या होत्या की खालचा दगड जुना आणि वरचा त्याच्यानंतरचा. संस्थेच्या संचालकांचं म्हणणं नेमकं उलट: खालचा दगड नंतर वितळून तळातून वर घुसला, म्हणून तोच तरुण. या भांडणात एक अडचण होती. संचालक ही ताईंची सख्खी धाकटी बहीण होती. लहानपणी दोघी टेकडीवर दगड वेचायला जायच्या तेव्हा हातोडी ताईंकडे असायची आणि पिशवी धाकटीकडे. चालून चालून धाकटी रडायला लागली की ताई पिशवीही घ्यायच्या आणि कडेवर तिलाही. आणि आता त्याच धाकटीच्या सहीशिवाय ताईंना पेन्सिलीची डबीसुद्धा मिळत नव्हती.

ताईंच्या निवृत्तीला एकोणीस दिवस उरले होते. खालच्या दगडाच्या वयाच्या आकड्याखाली स्वतःच्या हाताने सही करायची आणि मग जायचं, एवढं एकच त्यांनी ठरवलं होतं.

“यंत्र खोलून पुसा,” त्या म्हणाल्या. “पुन्हा लावा.”

यंत्रवाल्यांनी यंत्र खोललं, पुसलं, पुन्हा लावलं. त्यात तीन दिवस गेले. उत्तर आलं, नव्याण्णव पूर्णांक आठ.

“वाढलं?” ताई किंचाळल्या. “पुसल्यावर वाढलं?”

म्हणजे दोष यंत्राचा नव्हता. मग ताईंचा मोर्चा दगड दळायच्या खोलीकडे वळला.

ती खोली चाळणीवाल्यांची. बावीस वर्षं ते तिथे दगड फोडत, दळत आणि चाळत होते. अंगाने जाड, बोलायला मंद आणि कामात असे चोख की दळणयंत्राला त्यांच्याशिवाय कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. दळणाची एक ठरलेली पद्धत होती. आधीच्या दगडाचा एक कणही नव्या नमुन्यात जायला नको, म्हणून प्रत्येक नमुन्याच्या आधी आणि नंतर स्वच्छ शुभ्र वाळू दळायची आणि फेकून द्यायची. तिला ते लोक कोरी वाळू म्हणत. कोरी वाळू फेकायची, नमुना ठेवायचा, पुन्हा कोरी वाळू फेकायची. एवढं सोपं.

“माझा नमुना कुणी दळला?” ताईंनी दारातूनच विचारलं.

चाळणीवाल्यांनी हातातली चाळणी खाली ठेवली. “आठवून सांगतो, बाई.”

“आठवून? असा दगड रोज येतो का तुमच्याकडे? जगात एक तुकडा, आणि तुम्ही आठवून सांगणार?”

“आठवलं तरी सांगावं का, याचा विचार करतोय.”

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी दार लावून घेतलं, खोलीतल्या पिशव्या उलथ्यापालथ्या केल्या, फडताळातल्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या आणि अर्धा तास एकटीनेच बोलत राहिल्या. बेफिकिरी, आळस, आजकालची कामं, पूर्वी अकीकाच्या खलात हाताने दगड कुटायचो तेव्हा कसं एक कण वाया जात नसे, सगळं झालं. चाळणीवाले ऐकत होते. दम घ्यायला ताई थांबल्या तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली वही काढली, पान उघडलं आणि ताईंच्या पुढे धरलं.

तारीख, मंगळवार. नमुना, तीन हजार अकरा मीटर. दळणाऱ्याची सही.

सही ताईंची होती. लांब शेपटीची, ठसठशीत, शेवटी टिंब दिलेली.

आणि मग ताईंना तो मंगळवार आठवला. चाळणीवाले नेहमीप्रमाणे यंत्राची एकेक फट ब्रशने झाडत होते. ताईंना घाई होती. “सरका! तुमच्या हातून माझ्या निवृत्तीपर्यंत नाही व्हायचं हे!” असं म्हणून त्यांनी ब्रश हिसकावून घेतला होता. तेवढ्यात धाकटीचा फोन आला होता. निरोपाच्या कार्यक्रमासाठी मोठं सभागृह घ्यायचं की लहान? फोन खांद्यात आणि कानात धरून ताई दळत होत्या आणि भांडत होत्या. मोठं कशाला, माझ्या जाण्याचा आनंद एवढा झालाय का तुला? दळल्यावर दोन्ही पुडी फिकटच दिसत होत्या. एक पिशवीत गेली. एक कचऱ्याच्या पिंपात.

“मी कोरी वाळू ठेवली. म्हणूनच सगळी सिलिका,” ताई हळू म्हणाल्या. “आणि दगड फेकला.”

“हो, बाई.”

“तुम्ही बघत होतात?”

“समोरच होतो.”

“मग बोललात का नाही?” आवाज पुन्हा चढला. “तोंड शिवलं होतं का तुमचं?”

“मी ‘बाई’ म्हणालो. तुम्ही म्हणालात, ‘मधे बोललात तर बघा.’ नंतर पुन्हा म्हणालो. तुम्ही म्हणालात, ‘मी तुमच्या जन्माच्या आधीपासून दगड दळतेय.’ तसं तर मी तुमच्याहून दोनच वर्षांनी लहान आहे. पण म्हटलं, वाद कशाला.”

“आणि पिंप?”

“आठवड्याने रिकामं होतं. वाळू चांगली असते, फेकत नाहीत. सुरक्षा अधिकारी नेतात. आगीच्या बादल्यांत भरायला.”

संस्थेच्या लांबलचक ओसरीत तांबड्या रंगाच्या अकरा बादल्या टांगलेल्या होत्या. तासाभरात त्या सगळ्या ओळीने दळण-खोलीच्या दारात आल्या, आणि त्यांच्या मागे शिट्टी फुंकत सुरक्षा अधिकारी.

“बादल्या खाली! बादल्या खाली ठेवा! परवा तपासणी आहे!”

“खालीच आहेत. रिकाम्या करायच्यात फक्त.”

“मॅडम, असं करता येत नाही. आग लागली तर?”

“मला हाक मारा. मी ओरडले की विझेल.”

“हे लेखी द्याल?”

“देईन! आधी सांगा, पिंपातली वाळू कुठल्या बादलीत ओतली?”

सुरक्षा अधिकाऱ्याने टोपी काढून डोकं खाजवलं. “सगळ्यांत थोडी थोडी. ज्यांची कमी झाली होती त्यांच्यात. समान वाटली. माझ्याकडे पक्षपात नसतो.”

ताईंनी कपाळावर हात मारून घेतला. मग जमिनीवर प्लास्टिकचा कागद अंथरला आणि एकेक बादली उपडी केली. संस्थेची तीस वर्षं त्या बादल्यांत होती. सिगारेटची थोटकं, पेनांची टोपणं, बक्कल तुटलेला एक पट्टा, आणि लेखनिकाची ती किल्ली, जिच्यासाठी तीन वर्षांपूर्वी कपाट फोडावं लागलं होतं. सहाव्या बादलीत ताईंनी स्वतः लिहिलेलं एक कडक परिपत्रक चुरगळलेलं सापडलं. विषय होता, ‘बादल्यांत कचरा टाकू नये’.

“कुणी टाकलं हे?” ताई गरजल्या. ओसरीतली माणसं एकदम आपापल्या खोल्यांत गेली.

संध्याकाळपर्यंत ताई आणि चाळणीवाले वाळू पाण्यात घोळवत बसले. हलकं वाहून गेलं, जड खाली राहिलं. ताईंनी भिंग लावलं आणि एकदम चाळणीवाल्यांचा खांदा धरला.

“झिरकॉन! अहो, झिरकॉन आहेत! हा एक, हा दुसरा... दहा... वीस...”

“आहेत ना?”

“चाळीस... साठ...” ताईंचा आवाज बारीक झाला. “शंभराच्या वर.”

“मग चांगलं झालं की, बाई.”

“काय चांगलं झालं? एवढुशा दगडातून इतके कसे निघतील? बघा जरा, निम्मे गोल आहेत. घासून गुळगुळीत झालेले. ही बादल्यांतली मूळ वाळू कुठली?”

“नदीची.”

ताई भिंग घेऊन तशाच बसल्या. नदीने किती डोंगर उगाळून ती वाळू आणली होती कोण जाणे! त्या प्रत्येक डोंगराची जन्मतारीख वेगळी, आणि त्या गर्दीत ताईंच्या दगडाचे मूठभर दाणे मिसळलेले. गोल नसलेलेही डझनावारी होते, आणि त्यांतले आपले कुठले, हे देवालाही सांगता आलं नसतं. राग कुणावर काढावा हे त्यांना पहिल्यांदाच कळेना. नदीवर ओरडून उपयोग नव्हता.

“अकरा बादल्या गायब आहेत म्हणे,” मागून आवाज आला. “आणि माझी लोकं खोल्यांना आतून कड्या लावून बसलीयत.”

दारात धाकटी उभी होती. सुरक्षा अधिकाऱ्याने तक्रार लेखीच दिली होती.

ताईंना उठायला गुडघ्यावर हात ठेवावा लागला. धाकटी पुढे झाली, पण ताईंनी हात झिडकारला. मग भिंतीकडे बघत त्या म्हणाल्या, “भांडारातला अर्धा कोअर हवाय मला.”

“का?”

“माझा गेला.”

“कुणी घालवला?”

चाळणीवाल्यांनी एकदम खोकायला सुरुवात केली. ताई त्यांच्याकडे वळल्या. “खोकू नका. मी घालवला. मी फेकला, माझ्या हाताने, तुझ्याशी फोनवर भांडताना. आता हस.”

धाकटी हसली नाही. उलट तिचा चेहरा उतरला. ताईंना हे लक्षण लहानपणापासून ठाऊक होतं. काहीतरी फोडलं की धाकटी अशीच उभी राहायची.

“काय केलंस तू?”

“ताई, तो अर्धा नाहीये भांडारात. मी बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला होता. दोन महिने झाले.”

“मला न विचारता?”

“संचालक आहे मी.”

“दगडाची नाहीस! काय आलं?”

“जाऊ दे ना.”

“काय आलं?”

“दोनशे पन्नास कोटी वर्षं.”

वरचा दगड दोनशे नव्वद कोटींचा होता, हे दोघींना झोपेतही पाठ होतं. म्हणजे खालचा तरुण. म्हणजे धाकटी बरोबर. चाळणीवाल्यांनी चाळणी उचलली आणि ती उगाचच पुसायला लागले.

“दोन महिने,” ताई म्हणाल्या. “दोन महिने तुला माहीत होतं, आणि तू मला दळू दिलंस?”

“म्हटलं, तुझा निरोप होऊन जाऊ दे. मग सांगू. एवढी वर्षं तू... म्हटलं, कशाला तुझ्या शेवटच्या दिवसांत...”

“दया?” ताई एक पाऊल पुढे सरकल्या. “माझी दया आली तुला? मला चूक म्हण, तोंडावर म्हण, दहा जणांत म्हण! तीस वर्षं भांडलीस ना? मग जिंकल्यावर पळून काय जातेस?”

“मी पळाले नाही!”

“लपवलंस! सगळं आण. आकडे आण, दाण्यांचे फोटो आण. आत्ताच्या आत्ता.”

धाकटीही आता तापली होती. तिने खाड खाड पावलं टाकत जाऊन फाइल आणली आणि टेबलावर आदळली. ताईंनी फोटो पसरले. प्रत्येक फोटोत एक दाणा शेकडो पटींनी मोठा केलेला, आणि ज्या जागी यंत्राचा किरण मारून वय मोजलं तिथे एक काळा ठिपका. ताईंनी पहिला फोटो पाहिला, दुसरा पाहिला, आणि मग सगळेच भराभर उलटले.

“ठिपके कुठे मारलेत बघितलंस?”

“दाण्यावर.”

“दाण्याच्या काठावर! तीसच्या तीस काठावर! आणि मधे हा काळपट गाभा दिसतोय तो कोणाचा? तुझ्या सासूबाईंचा?”

“गाभ्याला तडे आहेत, ताई. तिथे मोजणं अवघड असतं.”

“अवघड असतं म्हणून सोडून दिलं? कांद्याचं साल मोजून कांद्याचं वय सांगतेस होय? दाणे कुठे आहेत?”

“चकतीत बसवलेले. माझ्या खणात.”

“आण!”

पुढचे दहा दिवस यंत्रवाल्यांचे दोन्ही पाय खोलीच्या आतच राहिले, कारण दारात ताई खुर्ची टाकून बसल्या होत्या. तडा चुकवून गाभ्यावर किरण मारायचा म्हणजे दोरीवरून चालण्यासारखं. ठिपका जरा सरकला की ताई ओरडायच्या. सरकला नाही तरी ओरडायच्या, हात स्थिर राहावा म्हणून. दुपारी धाकटी यायची, ताईंच्या खुर्चीमागे उभी राहायची, आणि दोघी एकमेकींशी न बोलता पडद्याकडे बघायच्या. ताईंना मध्येच जाणवायचं की आपण दोघी अशा एका दगडावर वाकून किती वर्षांत उभ्या राहिलो नाही. मग त्या यंत्रवाल्यांवर आणखी ओरडायच्या.

बाराव्या गाभ्यानंतर आकडा पक्का झाला. तीनशे तीस कोटी वर्षं.

“जुना!” ताईंनी टेबलावर मूठ आपटली. “वरच्यापेक्षा चाळीस कोटींनी जुना! काय म्हणत होते मी?”

“गाभा जुना आहे, ताई. दगड नाही. जुन्या कुठल्यातरी दगडाचे दाणे वितळलेल्या रसात पडले, त्यांच्यावर नवीन थर चढला, आणि तो थर चढला तेव्हा हा दगड जन्मला. दोनशे पन्नास.”

“वितळला कुठे? पट्टे बघ त्याचे! दगड तोच होता, नुसता भाजून निघाला. भाजलं म्हणून कुणी नव्याने जन्मतं का?”

“हट्ट!”

“तुझा!”

“म्हणजे दोघी बरोबर असं लिहू का?” यंत्रवाल्यांनी अहवालाचा कागद पुढे घेत विचारलं.

“नाही!” दोघी एकाच वेळी ओरडल्या.

अहवालात अखेर दोन्ही आकडे गेले आणि खाली दोन्ही सह्या, एकमेकींपासून शक्य तेवढ्या लांब. ‘पहिला अर्धा नमुना कसा नष्ट झाला’ या रकान्यात ताईंनी स्वतःचं नाव आणि हुद्दा लिहिला. चाळणीवाले म्हणाले, “बाई, यंत्रातला बिघाड लिहा ना, कोण बघतंय.” त्यावर ताईंनी त्यांना असं झापलं की तेवढ्याने त्यांना बरं वाटलं.

निरोपाचा कार्यक्रम मोठ्या सभागृहात झाला. संचालकांनी भाषणात ताईंच्या शिस्तीचं, नजरेचं आणि आवाजाचं कौतुक केलं. शेवटी त्या म्हणाल्या, “ज्या दगडाचं वय दोनशे पन्नास कोटी ठरलं, त्याच्यातही मॅडमनी जुने दाणे शोधून काढले...” सत्कारमूर्तीच्या खुर्चीतून ताई ताडकन उठल्या. “ठरलं? कुणी ठरवलं?” पुढची वीस मिनिटं ध्वनिक्षेपक दोघींच्या हातांत इकडून तिकडे जात राहिला. मग वीज गेली. ती यंत्रवाल्यांनी घालवली, असं लोक म्हणतात. ताई फुलांचा गुच्छ तिथेच टाकून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या फाटकाशी एक रिक्षा थांबली. काखेत फोटोंची जाड फाइल धरून ताई उतरल्या. पहारेकरी सवयीने उठून उभा राहिला, आणि मग त्याला आठवलं.

“बाई, माफ करा. आजपासून तुम्ही... म्हणजे, बाहेरच्या लोकांना या वहीत लिहावं लागतं.”

ताईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने पेन पुढे केलं, पण हात शक्य तितका लांब ठेवून.

‘कोणाला भेटायचे’ या रकान्यात ताईंनी लिहिलं, संचालक. ‘कामाचे स्वरूप’ या रकान्याशी त्या जरा थांबल्या, आणि मग ठसठशीत अक्षरात लिहिलं, भांडण. खाली सही केली, लांब शेपटीची, शेवटी टिंब देऊन.

पहारेकऱ्याने वही दोनदा वाचली, फोन उचलला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “मॅडम, तुमच्या ताई आल्यात फाटकावर. काम... काम भांडण लिहिलंय. काय करू? परत पाठवू?”

पलीकडून असा आवाज आला की त्याला फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागला.

“परत कसली पाठवतोस? साडेनऊ वाजून गेले! कधीची वाट बघत बसलेय मी!”